शंभर थेंबांची बाटली

पूर्णा जंक्शनच्या जुन्या क्वार्टरमागे
कुजक्या स्लीपरांचं खुराडं आहे माझं.
त्यात अकरा जीव, नाना जातीचे.
दोन गावरान, माहेरहून पिशवीत आलेल्या.
गिरिराजची एक जाडी, पंचायत समितीच्या योजनेतली,
जिला दांडीवर चढता येत नाही.
एक उघड्या मानेची,
तिला पाहिलं की मलाच मफलर आठवतो.
पाच सोनाल्या, कायम घोळक्यात.
असील कोंबडा, त्याचं नाव फौजदार.
आणि बाजारात कडकनाथ म्हणून घेतलेला एक.
घरी येऊन चोच उघडली तर
जीभ लालभडक.
राहू दिला. त्याचा काय दोष.

मार्गशीर्ष लागला की अंडी आटतात.
दिवस आखडतो, पिसं झडतात,
परसात कुणी उशी फाडल्यासारखं.
मी बाजरी भिजवते गरम पाण्यात,
वर ठेचलेला लसूण, चिमूटभर हळद.
पत्र्यावर तुराट्या, तुराट्यांवर खताची रिकामी पोती,
वरची एक फट मात्र बुजवत नाही,
कोंदटलं की त्यांच्या छातीत घरघर होते.
हे कुणी शिकवलं नाही.
पहिल्या हिवाळ्यात चार मेल्या, त्यांनी शिकवलं.

किसन रात्री रुळावर असतो.
थंडीत लोखंड आकसतं, रूळ तडकतो,
म्हणून तो बॅटरी घेऊन चालतो चुडाव्याच्या अंगाला.
पहाटे येतो, बूट काढायच्या आधी विचारतो,
"किती हायेत?"
"अकरा."
मग झोपतो.

यंदा पलीकडच्या ओळीत मानमोडी आली.
शमीमआपाच्या सात गेल्या आठवड्यात,
मान मुरगळून, गोल गोल फिरत.
मी परभणीला जाऊन लस आणली.
एवढीशी बाटली, शंभर मात्रांची.
"कमी नाही का मिळत?"
"नाही ताई. आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवायची."

थर्मासात बर्फ, बर्फात बाटली, थर्मास पदरात.
धुक्यानं पॅसेंजर मिरखेलला उभी राहिली, दीड तास.
अख्खा डबा कुडकुडत होता
आणि मी एकटी घाबरलेली, बर्फ वितळेल म्हणून.
समोरची म्हातारी म्हणाली,
"घोटभर चहा दे की माय त्यातला."

रात्री नऊला फोडली.
अकरा थेंब, अकरा डोळे.
फौजदारानं मनगटावर टोच मारलीच.
मग बाटली दिव्यासमोर धरली.
एकोणनव्वद.

आधी आपाची कडी वाजवली.
"आता काय राहिलंय मव्हं?" म्हणाली.
दोन राहिल्या होत्या. त्यांना पाजळलं तशी
तिनं शाल गुंडाळली, मोबाइलची बत्ती लावली, निघाली माझ्याबरोबर.
गंगासागरच्या बाजेखालच्या सहा.
भुजंग पॉइंट्समनच्या लिंबावरच्या, शिडी लावून.
दार न उघडणारे तिघं.
एकीनं खिडकीतूनच सांगितलं,
"औषधानं अंडी बंद होत्यात."
बंदच तर होती सगळ्यांची.

झोपेतली कोंबडी हातात घेतली की
आत काहीच नाही असं वाटतं,
नुसती ऊब, पिसांत बांधलेली.
आपा मान धरायची, मी थेंब सोडायचे,
डोळा मिटून उघडला की पुढची.
मधेच ती थांबली एका काळ्या तलंगेपाशी,
"मव्ही बी अशीच होती," म्हणाली,
आणि उगाच तिची पिसं सारखी केली.

अकराला बोटं वळेनात.
उरलेले सत्तावीस थेंब चुलीच्या निखाऱ्यांवर ओतले.
चर्र झालं, बस.

पहाटे बूट वाजले दारात.
"किती हायेत?"
मी गोधडीतूनच, अर्ध्या झोपेत,
"त्र्याहत्तर."

एक बूट पायात, एक हातात,
किसन खुराड्याकडे गेला बघायला.